अलीकडचं गाव पलीकडे

आमच्या नाशकात पुराचं माप फुटात किंवा मीटरमध्ये कुणी सांगत नाही. पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी मोजणी चालते. मारुती बुडाला की पुढचा प्रश्न एकच: नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेचं काय? 1969च्या पुरात पाणी त्या घंटेपर्यंत पोचलं होतं असं आजी सांगायची, आणि सांगताना आवाज असा खाली आणायची, जणू ते अजून ओसरायचंय. घंटा मूळची पोर्तुगिजांची, 1721 सालची. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून ती गोदाकाठी लागली. चर्चची घंटा महादेवाच्या देवळावर! पण लहानपणी त्यात काही वेगळं वाटलं नाही. घंटा ही पूर मोजायची वस्तू आहे, एवढीच माझी समजूत.

हे सगळं पुन्हा वर यायला कारण झालं इलिनॉय राज्यातलं एक गाव आणि तिथली एक घंटा. गावाचं नाव कॅस्कॅस्किया. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 21. त्याआधी 2010 मध्ये 14 आणि 2000 मध्ये 9, म्हणजे वाढतंय म्हणायचं. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात एका मजल्यावर याहून जास्त माणसं नांदायची. तरीही सरकारदरबारी हे रीतसर 'व्हिलेज' आहे, आणि एके काळी ते राज्याची राजधानी होतं.

मी सेंट लुईजवळ राहते त्याला बावीस वर्षं झाली, आणि हे गाव माझ्या घरापासून सव्वाशे किलोमीटरवर आहे हे मला बाबा आले तेव्हा कळलं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तीन महिन्यांसाठी आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांना सेंट लुईची ती प्रसिद्ध कमान दाखवली. ते वर जाऊन आले, खाली उतरले आणि म्हणाले, "कमान झाली. आता नदी दाखव." मी म्हटलं, बाबा, ही काय समोर, मिसिसिपी. तर म्हणे, "ही शहरातली. बांधून घातलेली. मला मोकळी दाखव." मग मी नकाशा उघडला. मोकळी मिसिसिपी आता फारशी कुठे राहिलेली नाही, दोन्ही काठांनी मातीचे बंधारे आहेत. पण नकाशावर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. इलिनॉय आणि मिझुरी या राज्यांची सीमा शेकडो मैल नदीच्या पात्रातून गुपचूप चालते, आणि एके ठिकाणी मात्र नदी सोडून मिझुरीच्या बाजूला बाक काढून येते. त्या बाकाच्या पोटात कॅस्कॅस्किया. इलिनॉयचं गाव, पण नदीच्या मिझुरीकडल्या काठावर.

बाबांनी चष्मा पुसला. "नदीने उडी मारलेली दिसते," म्हणाले. "कधी?"

1881च्या एप्रिलमध्ये. पण तिथे यायच्या आधी गाव तिथे कसं आलं ते सांगायला हवं, कारण हे गाव जन्मापासूनच चालत आलेलं आहे.

कॅस्कॅस्किया हे मुळात माणसांचं नाव, जागेचं नव्हे. इलिनॉय म्हणून जो आदिवासी टोळ्यांचा समूह होता त्यातली ही एक टोळी. 1675 मध्ये मार्केट नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने वर उत्तरेला इलिनॉय नदीकाठच्या त्यांच्या मोठ्या वस्तीत धर्मपीठ स्थापन केलं. पुढे वस्ती हलली तसं धर्मपीठही हललं. आधी पिओरियाला, मग आत्ताच्या सेंट लुईच्या हद्दीत एका ओढ्याकाठी, आणि 1703 मध्ये इथे. इथे म्हणजे मिसिसिपीला पूर्वेकडून येऊन मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी. त्या नदीलाही मग कॅस्कॅस्किया हेच नाव पडलं. पश्चिमेला मोठी नदी, पूर्वेला लहान, मध्ये मळईची जमीन. दरसालच्या पुराने गाळ आणून टाकावा आणि गहू तरारून यावा. सेंट लुई शहर वसलं 1764 मध्ये, म्हणजे हे गाव त्याहून 61 वर्षांनी थोरलं. आपलं पीठ होडक्यांत भरून हे लोक पार न्यू ऑर्लिन्सला पाठवायचे.

फ्रेंचांची शेती बघायला बाबांना आवडली असती. अमेरिकेत विमानातून खाली बघितलं की चौकोनच चौकोन दिसतात, पण ते पुढच्या सरकारने पाडलेले. फ्रेंचांनी जमिनीचे अरुंद, लांबच लांब पट्टे पाडले होते, नदीपासून सुरू होऊन मागच्या टेकडीकडे जाणारे. म्हणजे प्रत्येकाला थोडी नदी, थोडी मळई. वस्ती एका जागी, शेतं एकत्र कुंपणात, आणि गुरांना चरायला सगळ्या गावाची मिळून राखीव जमीन. गावठाण आणि गायरान म्हणा ना. आपापल्या शेतात एकेकटं घर बांधून राहायची जी पद्धत आज इथल्या खेड्यांत दिसते, ती या गावाची नव्हती.

या सुरुवातीच्या गावातली एक बाई माझ्या मनात घर करून बसली आहे. मारी रुएंसा. कॅस्कॅस्किया टोळीच्या प्रमुखाची मुलगी. 1694 मध्ये एका फ्रेंच व्यापाऱ्याशी लग्न करायला तिने आधी साफ नकार दिला, मग आईबापांनी ख्रिस्ती व्हायचं कबूल केल्यावर ती राजी झाली. 1725 मध्ये वारली तेव्हा तिच्या नावावर घरं, कोठारं, बैल, डुकरं होती, आणि गुलामही होते. मृत्युपत्र तिने आपल्या भाषेत सांगितलं आणि ते फ्रेंचमध्ये उतरवलं गेलं. तिला चर्चच्या आत, जमिनीखाली पुरलं. तो मान तिथे दुसऱ्या कुठल्या बाईला मिळाला नाही. तिची टोळी मात्र आजार, लढाया आणि दारू यांनी झिजत गेली. 1803च्या तहात उरलेल्या मूठभर लोकांनी इलिनॉयमधल्या जवळजवळ सगळ्या जमिनीवरचा हक्क सोडून दिला. त्यांचे वंशज आज ओक्लाहोमात, पिओरिया टोळीत सामावलेले आहेत. नाव इथे राहिलं आणि नावाची माणसं शेकडो किलोमीटर पलीकडे गेली.

घंटा आली ती मारीच्या मृत्यूनंतर. फ्रान्सच्या ला रोशेल बंदरात 1741 मध्ये ओतलेली, पंधराव्या लुईने इलिनॉयच्या चर्चला दिलेली भेट. वजन साधारण 295 किलो. समुद्रातून न्यू ऑर्लिन्सला, आणि तिथून मिसिसिपीच्या प्रवाहाविरुद्ध वल्ही मारत, बांबू टेकत, काठावरून दोराने ओढत वर. नुसतं वाचून खांदे दुखतात. माझं मन मात्र तारखांत अडकलं. वसई पडली त्यानंतर दोनच वर्षांनी ही ओतली गेली. एका युरोपीय राजाच्या लोकांच्या घंटा मराठे हत्तीवरून की गाड्यावरून घाटावर चढवत होते, त्याच सुमारास दुसऱ्या युरोपीय राजाची घंटा अमेरिकेच्या पोटात चालली होती. अमेरिकेतली भेट, नाशकातली लूट. पण दोघींच्या नशिबी नदीच.

मधला इतिहास मी भराभर सांगते, कारण तो इथल्या पाठ्यपुस्तकांत पुरेसा आहे. 1763च्या तहात हा मुलूख फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला. गावकऱ्यांनी पलीकडच्या टेकडीवरचा आपला किल्ला 1766 मध्ये स्वतःच मोडून टाकला, इंग्रजांना नको मिळायला म्हणून. बरेच जण नदी ओलांडून पश्चिमेला निघून गेले. मग इंग्रजांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, 4 जुलै 1778 च्या रात्री, जॉर्ज रॉजर्स क्लार्क नावाचा पंचविशीतला व्हर्जिनियाचा अधिकारी पावणेदोनशे माणसं घेऊन आला आणि एकही गोळी न झाडता गाव ताब्यात आलं. त्या आनंदात ही घंटा वाजवली, म्हणून तिला 'पश्चिमेची स्वातंत्र्यघंटा' म्हणतात. फिलाडेल्फियाच्या सुप्रसिद्ध घंटेपेक्षा ती अकरा वर्षांनी मोठी, आणि हिलाही तडा आहे. 1809 मध्ये इलिनॉय प्रांत झाला तेव्हा राजधानी कॅस्कॅस्किया. 1818 मध्ये राज्य झालं, तेव्हाही तीच. सरकारकडे स्वतःची इमारत नव्हती, दिवसाला चार डॉलर भाड्याने एक दुमजली घर घेऊन राज्य चालवलं. पिएर मेनार नावाचा कॅनडात जन्मलेला व्यापारी उपराज्यपाल व्हावा म्हणून नागरिकत्वाची अट ऐन वेळी सैल करण्यात आली. हे वाचून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मला वाटलं, हे आपल्याकडेच चालतं." दोन वर्षांत, 1820 मध्ये, राजधानी व्हॅन्डेलियाला हलली आणि कॅस्कॅस्कियाला ओहोटी लागली.

मग नदी.

आम्ही मे महिन्यात गेलो. महामार्गाने दक्षिणेला, मग उतरून सेंट मेरी नावाचं मिझुरीतलं छोटं गाव. एके काळी मिसिसिपीवरचा धक्का होता तिथे, आगबोटी लागायच्या. आज सेंट मेरीला नदीच नाही. एक हिरवट पाण्याची चिंचोळी पट्टी आहे, दोन्ही बाजूंनी झाडं ओणवलेली. त्यावर एक पूल. पूल चढलो तेव्हा मी म्हटलं, "बाबा, ही मिसिसिपी." त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. "ही होती," शेवटी म्हणाले. पूल उतरताच फोनमधल्या बाईने इलिनॉयमध्ये आमचं स्वागत केलं. आम्ही पूर्वेच्या राज्यात पश्चिमेकडून शिरलो होतो. या गावातल्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या कचेरीत, चेस्टरला, जायचं तर मिझुरीत उतरावं लागतं, मिझुरीतूनच दक्षिणेला जायचं आणि मोठा पूल ओलांडून परत इलिनॉयमध्ये यायचं. टपालाचा पिनकोडही मिझुरीचाच.

नदीने असं का केलं? गावातली दंतकथा शापाची आहे. एका व्यापाऱ्याच्या मुलीचं एका आदिवासी तरुणावर प्रेम बसलं, बापाने त्याला लाकडाच्या ओंडक्याला बांधून नदीत सोडून दिलं, आणि बुडता बुडता त्याने गाव बुडेल असा शाप दिला. गोष्ट ऐकायला बरी आहे. मला स्वतःला त्या ओंडक्यापेक्षा बाकीच्या लाखो ओंडक्यांवर जास्त संशय आहे. 1817 मध्ये पहिली आगबोट सेंट लुईला पोचली आणि पुढची साठ वर्षं मिसिसिपीवर आगबोटींचं राज्य होतं. बोटींना जळण हवं, जळण म्हणजे लाकूड, आणि सगळ्यांत सोयीचं लाकूड काठावरचं. मैलोन् मैल काठ बोडके झाले. "मुळं गेली की काठ सुटतो," बाबा म्हणाले, जणू समोर एखादा कनिष्ठ अभियंता बसलाय. "काठ सुटला की गाळ पात्रात. गाळाने पात्र उथळ होतं, उथळ झालं की रुंद होतं, रुंद नदीला वळणं सोसत नाहीत. मग ती जवळचा रस्ता शोधते. तिला कोण शाप देणार?" अभ्यासकांपैकी काहींनीही जवळजवळ हीच साखळी मांडली आहे. त्यांची भाषा अधिक जड, एवढाच फरक.

जवळचा रस्ता तयारच होता. गावाच्या उत्तरेला मोठी आणि लहान नदी यांच्यात जमिनीची एक अरुंद मान उरली होती. 1844च्या पुराने गावाला एकदा बुडवलंच होतं. 1881च्या एप्रिलमधल्या पुरात ती मान तुटली आणि मिसिसिपी कॅस्कॅस्किया नदीच्या पात्रात घुसली. त्या लहान नदीचे शेवटचे दहा-एक मैल तिने सरळ बळकावले. जे गाव लहान नदीच्या काठी निवांत होतं, त्याच्या दारात आता अमेरिकेची सर्वांत मोठी नदी आली, आणि त्या पात्रात तिला मावेना. ती काठ खात सुटली. एका रात्रीत गाव गेलं असतं तर कदाचित बरं. पण ते पुढची वीस-पंचवीस वर्षं घराघराने जात राहिलं. भाड्याची ती पहिली राजधानीही नदीत कोसळली. लोकांनी चर्च हलवलं, विटा काढून, जुन्या आणि नव्या पात्रांच्या मध्ये जे बेट झालं होतं त्याच्या आतल्या भागात पुन्हा उभारलं. घंटा हलवली. मेलेल्यांनासुद्धा हलवलं. हजारो जणांचे अवशेष उकरून पूर्वेच्या टेकडीवर नेऊन पुरले. राज्याच्या पहिल्या गव्हर्नरचं थडगं चेस्टरला गेलं. मारी रुएंसाचं काय झालं असेल, हा प्रश्न मला त्या दुपारी सारखा टोचत होता. ती तर चर्चच्या जमिनीखाली होती, आणि ते पहिलंवहिलं चर्च या शेवटच्या चर्चच्या किती तरी आधीचं.

आणि सीमा? इथे कायद्याची एक गंमत आहे, ती मला फार आवडते. नदी दोन राज्यांची सीमा असेल आणि ती हळूहळू, कण कण काठ खात सरकली, तर सीमाही तिच्याबरोबर सरकते. पण तिने एकदम उडी मारून नवं पात्र धरलं, तर सीमा जुन्याच पात्रात राहते. कोरडी पडली तरी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1892 मध्ये आयोवा-नेब्रास्काच्या भांडणात हेच सांगितलं. तिथे मिझुरी नदीने 1877 मध्ये अशीच उडी मारली होती, म्हणून कार्टर लेक हे आयोवाचं गाव आजही नदीच्या नेब्रास्काकडल्या काठावर आहे. कॅस्कॅस्किया त्याच नियमाने इलिनॉयचं. त्या हिरवट पट्टीतून जी सीमा जाते, ती 1881च्या आधीच्या मिसिसिपीची आहे.

मी बाबांना हा नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकला आणि म्हणाले, "मग तुझं काय म्हणायचं? उडी का हळूहळू?" मी गाडी चालवत होते. म्हटलं, आलो तेव्हा दोन वर्षांसाठीच आलो होतो. ते हसले नाहीत.

गाव म्हणजे काय तर चर्च, घंटेची छोटी विटांची इमारत, काही घरं आणि चहूकडे मका, सोयाबीन. जमीन हाताच्या तळव्यासारखी सपाट. आभाळ जरा जास्तच मोठं. भोवती मातीचा बंधारा. तो बघून बाबा गाडीतून उतरले, त्यावर चढले, टाचेने माती उकरून बघितली. माणसं किती उरली यापेक्षा बंधाऱ्याला उतार किती दिला आहे याची त्यांना काळजी. जुलै 1993 मध्ये हा बंधारा फुटला होता. त्या उन्हाळ्यात मिसिसिपीच्या सगळ्या खोऱ्यात पाऊस थांबतच नव्हता. इथे जवळजवळ सगळं बेट पाण्याखाली गेलं, घरांची छपरं तेवढी दिसत होती. त्याआधीच्या, 1990च्या जनगणनेत इथे 32 माणसं होती. पुरानंतर 9 उरली, त्याचं कारण हेच. वर नदीकाठी सेंट जेनेव्हीव्ह म्हणून फ्रेंचांचंच एक गाव आहे, मिझुरीच्या बाजूला. 1785च्या महापुरानंतर तिथले लोक शहाणपणाने वरच्या जमिनीवर सरकले. 1993 मध्ये वाळूच्या पोत्यांनी त्यांनी गाव राखलं. आज तिथे पर्यटक येतात, उभे ओंडके जमिनीत पुरून बांधलेली अठराव्या शतकातली घरं बघायला. कॅस्कॅस्कियात तसं घर एकही नाही. शहाणपण एका गावाला सुचतं आणि शेजारच्याला का सुचत नाही, याला उत्तर नाही. राजधानी होतो म्हणून पाय निघाला नसेल, असा माझा तर्क आहे आणि त्याला आधार काही नाही.

घंटेवर फ्रेंच अक्षरं आहेत. समुद्रापलीकडच्या राजाने इलिनॉयच्या चर्चला दिलेली, असा काहीसा अर्थ. बाबांनी वाकून, हात मागे बांधून पाहिली, देवळात उभे राहतात तसे. मग विचारलं, "1993 ला पाणी हिला लागलं असेल ना?"

"लागलं असणारच. बेटच बुडालं होतं."

"म्हणजे नारोशंकराची बहीणच," ते म्हणाले आणि सवयीने त्यांचा हात घंटा वाजवायला वर गेला. मध्येच थांबला.

परतीला आम्ही मिझुरीतून चेस्टरला गेलो, तिथून वर टेकडीवरच्या किल्ल्याकडे. गाव सोडून गावासमोरच्या टेकडीवर पोचायला भलामोठा वळसा. किल्ला म्हणजे आता गवताखालचे मातीचे उंचवटे, शेजारी ते हलवलेलं स्मशान. टेकडीच्या पायथ्याशी मेनारचं घर शाबूत आहे, उंच जोत्याचं, लांब ओसरीचं. लहान नदीच्या पूर्वेला होतं म्हणून वाचलं. वरून खाली मिसिसिपी दिसते, रुंद, मातकट, घाई नसलेली. समोरच्या काठावर मक्याचं शेत आणि लांब चर्चचं टोक. जुनं गाव या दोहोंच्या मध्ये, म्हणजे पाण्यात.

चेस्टर ही पॉपायच्या जनकाची जन्मभूमी, तिथे जागोजागी पॉपायचे पुतळे आहेत. त्यातल्या एकाजवळ आम्ही जेवलो. बाबांनी बिलाची मागची बाजू समोर ओढली आणि पेन मागितलं. आयुष्यभराची सवय. आधी कोपऱ्यात बाण काढून 'उ' लिहिलं. मग जुनं पात्र तुटक रेषेने, नवं सलग. सीमा फुल्याफुल्यांनी, तुटक रेषेवरून. बंधारा. टेकडी, तिच्यावर किल्ला. मग गाव काढायची वेळ आली तेव्हा पेन थांबलं. जरा वेळाने त्यांनी दोन टिंबं दिली, एक मक्याच्या शेतात आणि एक सलग रेषांच्या मध्ये, पाण्यावर.

"घंटा कुठल्या टिंबापाशी लिहू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आत्ता आहे तिथे लिहा. त्यांनी शेतातल्या टिंबाशेजारी बारीक अक्षरात 'घंटा' लिहिलं, आणि पुढे कंसात 1741. ते बिल माझ्या फ्रिजवर लावलेलं आहे. बाबा नाशिकला परत गेले. परवा ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी वाचून मी फोन केला, तर पलीकडून आधी हॅलो सुद्धा नाही. "कमरेपर्यंत," म्हणाले, "अजून चढतंय."